आजीचा पदर आणि निळूभाऊंचा पाटील

निळू फुले पडद्यावर आले की माझी आजी डोक्यावर पदर घ्यायची.

रविवारी दुपारी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा. टीव्ही आमच्या घरी नव्हता. शेजारच्यांच्या दारात आम्ही दाटीवाटीने बसायचो. नायक-नायिकेची गाणी चालू असेपर्यंत आजी खाली मान घालून शेंगा फोडत असायची. पण धोतर-टोपी दिसली, ते अर्धे मिटलेले डोळे दिसले, खर्जातला आवाज आला, की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. आम्ही पोरं हसायचो. "आजी, तो टीव्हीतला हाय." ती म्हणायची, "असंल. पाटलाचा काय भरवसा?" तिची उभी हयात पाटलाच्या रानात खुरपण्यात गेली होती.

१३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. आज नव्या पिढीच्या मोबाईलमध्ये ते बाईला वाड्यावर बोलावणारा माणूस म्हणून उरले आहेत. असे विनोद माझ्याही ग्रुपवर येतात, मीही हसलो आहे. पण आजीचा पदर आठवला की ते हसू अर्ध्यावर थांबतं. वाड्यावरचं बोलावणं आमच्या आज्यांसाठी कधीच विनोद नव्हतं.

आजीला ठाऊक नव्हतं, की तो पाटील साकारणाऱ्या माणसाच्या हातातही एकेकाळी खुरपंच होतं. नीळकंठ कृष्णाजी फुले हे पुण्यातल्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. पगार ऐंशी रुपये, त्यातले दहा राष्ट्र सेवा दलाला. अभिनयाची शाळाही तीच. सेवा दलाच्या कलापथकात त्यांनी पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये काम केलं. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य गाजलं आणि अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटात त्यांना झेलेअण्णाची भूमिका मिळाली. रंगमंचावर १९७२ साली 'सखाराम बाइंडर' आला. तेंडुलकरांचा सखाराम जन्माने ब्राह्मण. तो रंगवला तमाशा-लोकनाट्याच्या मातीतून आलेल्या या माणसाने. अभिनय ही एका वर्गाच्या जिभेची मिरास आहे, शुद्ध उच्चार म्हणजेच उत्तम नट, या समजुतीला यापेक्षा सरळ उत्तर काय असू शकतं?

तरी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 'सामना'. जब्बार पटेलांचा १९७४ चा हा चित्रपट पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील साखरसम्राट आहे. तो आरडाओरडा करत नाही. गावात भटकत आलेल्या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, आसरा देतो, खाऊपिऊ घालतो. मग मास्तर विचारू लागतो, की फौजेतून परतलेल्या त्या मारुती कांबळेचं पुढे काय झालं. कांबळे हे आडनाव ऐकल्यावर आपल्या वस्तीत कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू प्रश्न विचारत जातात आणि निळूभाऊ तो प्रश्न गिळत जातात. चेहऱ्यावर फार काही हलत नाही. सत्ता अशीच असते, हे मला त्या चेहऱ्याने शिकवलं. तिला ओरडावं लागत नाही. ती पाहुणचार करते, खांद्यावर हात ठेवते आणि तुम्ही किती विचारणार याचा अंदाज घेत बसते.

हे मला खरं कळलं ते पुस्तकं वाचून नव्हे. पदवी घेऊन मी पहिल्या मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी फार प्रेमाने चहा मागवला. विषयाचं काहीच विचारलं नाही. मूळ गाव कोणतं, तिथे कुठल्या बाजूला घर, वडील कुणाकडे कामाला, एवढंच. आवाज इतका मऊ, की तक्रार करावी असं त्यात काही सापडू नये. उत्तर देता देता मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर आजीचा पदर आठवला. तिचा हात आणि माझे पाय एकाच शाळेत शिकले होते.

निळूभाऊंना ही नस सापडली ती पाटलाच्या घरात जन्मून नव्हे. मला वाटतं, वाकून काम करणाऱ्याला उभा असलेला माणूस फार नीट दिसतो. खालून पाहिलेली सत्ता त्यांनी वर उभं राहून दाखवली. म्हणूनच ती आजीला ओळखू आली.

पण चित्रपटसृष्टीने त्यांचं काय केलं, हेही बोललं पाहिजे. 'सिंहासन' (१९७९) मधला पत्रकार दिगू टिपणीस आठवा. सगळं पाहून, सगळं कळून शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा माणूस. एवढा पल्ला असलेल्या नटाला वर्षानुवर्षं तोच बाईलवेडा सरपंच, तोच पाटील देत राहिले. महेश भटांच्या 'सारांश'मध्येही (१९८४) ते पुढारीच. गोरागोमटा नायक आणि रापलेल्या चेहऱ्याचा खलनायक ही वाटणी कुणी केली? शिवाय एक वाटणी निळूभाऊंनाही मोडता आली नाही. त्या पडद्यावर पाटलाला चेहरा होता, प्रश्न विचारणारा मास्तर बाहेरून आला होता, आणि मारुती कांबळेच्या वाट्याला आलं ते मरण.

पडद्याबाहेर मात्र त्यांनी वेगळी भूमिका निवडली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते उभे राहिले. डॉ. लागूंसोबत 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभारला, पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून. बाबासाहेबांनी आपल्याकडे कमाईचा विसावा हिस्सा मागितला होता. माळ्याच्या पगारातले ऐंशीपैकी दहा म्हणजे आठवा हिस्सा. पगार वाढला की देऊ, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे, म्हणून हा हिशेब मुद्दाम मांडतो.

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर आता त्या खुर्चीपर्यंत पोचलो आहोत. काही जण टेबलाच्या पलीकडेही बसू लागले आहेत. समोरून मऊ आवाज आला की आपले पाय आजही आपोआप उठतात का, हे एकदा पाहा. आणि उद्या आपला आवाज मऊ झाला, तर समोर कोण उभं राहतंय, तेही पाहा. मारुती कांबळेबद्दल विचारायला बाहेरून मास्तर यायची वाट आता पाहायची नाही. त्याच्या वस्तीत शिकलेली माणसं आहेत.

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. पाटील झालेला तो माणूस आपल्याच बाजूचा होता, हे तिला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी तिने पदर घेतलाच असता. नटाला याहून मोठी पावती कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.