घरचं मोजायचं तर दारातच यावं लागेल

कौटुंबिक खर्चाच्या सर्वेक्षणाचा अहवाल निघाला की त्यावरचे आक्षेपही पाठोपाठ निघतात. ‘आमच्या घरी तर कुणी आलं नाही, मग हा आकडा आणला कुठून?’ ‘परक्या माणसाला घरचा खरा खर्च कोण सांगतो?’ आणि अलीकडे सर्वांत ठासून मांडला जाणारा, ‘आता भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. यूपीआय आहे, जीएसटी आहे. मग टॅब घेऊन दारोदार फिरायचं कशाला?’ कर्जत लोकलच्या डब्यात हे ऐकू येतं, तसं शिकल्यासवरल्यांच्या परिसंवादांतही. यातला शेवटचा आक्षेप मला घातक वाटतो. तो मान्य केला, तर नेरळच्या आसपासच्या संसाराचा एक अख्खा थर हिशेबातून पुसला जाईल.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर थोडक्यात देता येतं. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची माणसं ८,७२३ गावांत आणि ६,११५ शहरी गटांत गेली, २,६१,७४६ कुटुंबांशी बोलली. म्हणजे हजाराहून अधिक कुटुंबांमागे एक. तेव्हा आपल्या दारात कुणी न येणं हेच स्वाभाविक आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेलं ढवळलेलं असेल तर. नाहीतर तळाला करपलेलं आणि वर कच्चं असं दोन्ही एकाच भांड्यात निघतं. ते ढवळणं इथे नियमाने होतं. गावं आणि शहरं आधी वेगळी काढतात. मग २०२२-२३मध्ये गावात जमिनीवरून आणि शहरात मोटारगाडीवरून घरांचे गट पाडले गेले, आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडली गेली. नमुन्याचा भरवसा त्याच्या आकारावर आणि निवडीच्या शिस्तीवर ठरतो. देशात एकूण घरं किती आहेत याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

खरी मर्यादा वेगळीच आहे. या नमुन्यातून महाराष्ट्राचं चित्र मिळतं, कर्जत तालुक्याचं मिळत नाही. २०२५ पासून जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक केला, हे चांगलं झालं. पण रायगडच्या सरासरीत उरणचं बंदर, पनवेलचे टॉवर आणि कर्जतची ठाकूरवाडी एकत्र येणार. नेरळचंच पाहा. कारभार ग्रामपंचायतीचा, आणि जनगणनेच्या यादीत मात्र ते शहर. स्टेशनजवळचं घर नमुन्यात आलं तर शहरी रकान्यात, आणि माथेरानच्या उतारावरच्या वाडीतलं आलं तर ग्रामीण रकान्यात. २०२२-२३मध्ये या दोन रकान्यांची देशाची सरासरी दरमहा माणशी ६,४५९ आणि ३,७७३ रुपये होती. हा दोष दुरुस्त करायचा तर आणखी घरांत जावं लागेल, आणि म्हणूनच पहिला आक्षेप घेणाऱ्यांनी सर्वेक्षण मोठं करा असा धोशा लावायला हवा.

आता तिसरा आक्षेप. दादाभाई नौरोजींनी १८६७ ते १८७० या वर्षांसाठी हिंदी माणसाचं वार्षिक उत्पन्न २० रुपये काढलं, तेव्हा त्यांच्या हाती प्रांतोप्रांतीचे सरकारी अहवाल होते. त्यात लागवडीखालची जमीन होती, मीठ होतं, अफू होती. सरकारने नोंदलं होतं ते, ज्यावर सारा आणि कर बसत होता. रयतेच्या घरात काय शिजतं, काय पिकतं, काय रानातून येतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. तरीही दादाभाईंनी साम्राज्याला जाब विचारण्याइतका आकडा उभा केला, हे त्यांचं मोठेपण. आज यूपीआय-जीएसटीवर विसंबा म्हणणारे आपल्याला पुन्हा त्याच जागी नेऊ पाहतात: जे विकलं गेलं आणि ज्यावर कर बसला, तेवढंच अस्तित्वात आहे.

जुम्मापट्टी किंवा बेकरेवाडीकडची एखादी बाई घ्या. उजाडायच्या आत रानात जाते, वाळक्या फांद्या वेचते, कोयत्याने सारख्या करते, मोळी आवळून बांधते आणि डोक्यावर चुंबळ ठेवून उतरते. आजची मोळी नेरळच्या बाजारात जाते, उद्याची तिच्या स्वतःच्या चुलीत. रान तेच, लाकूड तेच, मानेवरचा भार तोच. बाजारातल्या मोळीचे पैसे कदाचित फोनवर येतील आणि कुठल्यातरी बँकेच्या नोंदीत उमटतील. चुलीत गेलेली मोळी कुठल्याही यंत्राला दिसत नाही. ती दिसते फक्त सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत. नमुना सर्वेक्षणात वस्तू किती वापरली एवढंच विचारत नाहीत. ती आली कुठून हेही विचारतात. विकत घेतली, घरच्या शेतातली, फुकट गोळा केलेली, बदल्यात मिळालेली, कुणी दिलेली, प्रत्येकाला वेगळा आकडा आहे. गोळा केलेल्या सरपणाची किंमत स्थानिक बाजारभावाने लावतात. २०११-१२ पायाच्या मालिकेत तर देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नातला जळाऊ लाकडाचा आकडा मुख्यतः याच घरगुती वापरावरून बांधला गेला, कारण वनखात्याच्या दप्तरात येणारं लाकूड प्रत्यक्ष जळणाऱ्या लाकडाच्या मानाने फार थोडं असतं.

तांदळाचंही तसंच. राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्या घरात एकाच वेळी तीन तांदूळ असू शकतात: शेतातला, रेशनचा आणि पाहुण्यांसाठी दुकानातून आणलेला. दुकानातला दुकानाच्या भावाने धरतात, शेतातला शेतावरच्या भावाने, आणि रेशनचा फुकट तांदूळ आधी वेगळा ठेवून मग त्याची किंमत मिळवतात. तांदूळ-गव्हाबरोबर मोफत मिळालेल्या इतर काही वस्तूही अशा धरल्या, तेव्हा २०२२-२३चा ग्रामीण आकडा ३,७७३ वरून ३,८६० झाला. खर्च कुठे संपतो आणि उत्पादन कुठे सुरू होतं, हे अशा घरात वेगळं करता येत नाही. सर्वेक्षण वर्षभर चालतं, याचंही महत्त्व इथेच कळतं. पहिल्या पावसात शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं. नेरळ स्टेशनाबाहेर त्यांचे वाटे लागतात, पण त्याआधी ती वाडीतल्या ताटात पडलेली असतात. फक्त दिवाळीत जाऊन विचारलं असतं, तर हे काहीच सापडलं नसतं.

लोक खोटं सांगतात, या आक्षेपात तथ्य आहे; पण कोण आणि कशाबद्दल, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत. सर्वेक्षक दारात येऊन ‘महिन्याला किती खर्च?’ असं विचारत नाही. तसं विचारलं, तर कुणीही ठोकळ आकडा फेकेल. यादीत चारशेच्या वर वस्तू आहेत. तेल, भाजी, मासे, अंडी यांचा गेल्या सात दिवसांचा हिशेब, धान्य-डाळींचा तीस दिवसांचा, कपडे, शाळा आणि इस्पितळातल्या भरतीचा वर्षाचा. २०२२-२३पासून खाण्याचं, इतर नित्याच्या खर्चाचं आणि टिकाऊ वस्तूंचं विचारायला तीन वेगळ्या महिन्यांत तीन फेऱ्या होतात. दारूचा खर्च लपतो, हे खरं. पण सर्वांत मोठी लपवाछपवी चुलीपाशी होत नाही. ती सोसायटीच्या फाटकावर होते. रखवालदार सर्वेक्षकाला आत सोडत नाही, सोडलं तर दार उघडत नाही, उघडलं तर वेळ नसतो. राष्ट्रीय लेख्यांतला एकूण घरगुती उपभोग या सर्वेक्षणापेक्षा वर्षानुवर्षं जास्त निघतो, त्यामागे व्याख्यांचा फरक आहे तसा या बंद दारांचाही हात आहे.

मग यातून निष्कर्ष काय काढायचा? २०२२-२३मध्ये ग्रामीण भारतातल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा माणशी मासिक खर्च १,३७३ रुपये होता आणि वरच्या पाच टक्क्यांचा १०,५०१. वरचे कमी सांगतात म्हणता ना? तर मग दरी यापेक्षा मोठी आहे. १,३७३ म्हणजे दिवसाला ४६ रुपये. त्यात जेवण, औषध, चपला, प्रवास सगळं आलं. वरच्यांनी दार लावून घेतलं म्हणून हा ४६ रुपयांचा आकडा खोटा ठरत नाही. आणि दार लावणाऱ्यांना ठाऊक असावं की सांख्यिकी संकलनाच्या २००८ च्या कायद्याने माणसाची ओळख पटेल अशी माहिती उघड करायला बंदी आहे. नेरळ-कर्जतच्या नव्या संकुलांच्या कार्यकारिणीने एवढं जरी सभासदांना सांगितलं, तरी पुष्कळ काम होईल.

या माहितीचं मोल महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायला नको. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला तो याच सर्वेक्षणांच्या आधारे. १९६०-६१च्या भावाने गावात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही सीमा धरून ग्रामीण भागातले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक तिच्या खाली आहेत, हे त्यांनी दाखवलं. ‘गरिबी आहे’ असं नुसतं म्हणणं वेगळं आणि किती जणांची, किती रुपयांची कमतरता आहे हे सांगणं वेगळं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कुठल्या राज्यातल्या किती लोकांना धान्य द्यायचं, हे नियोजन आयोगाने २०११-१२च्या उपभोग सर्वेक्षणावरून ठरवलं. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले. ‘आमच्याकडे कुणी आलं नाही’ म्हणणाऱ्याच्या रेशनकार्डावर धान्य मिळतं की नाही, याचा कोटा अशा रीतीने दुसऱ्याच कुणाच्या घरात बसून ठरलेला आहे.

म्हणूनच २०१७-१८चं सर्वेक्षण दाबलं गेलं, याचा मला आजही संताप येतो. जुलै २०१७ ते जून २०१८ माणसं राबली, लोकांनी वेळ दिला, आणि गावातला खर्च घटल्याची बातमी फुटल्यावर नोव्हेंबर २०१९मध्ये सरकारने तो अहवाल प्रसिद्धच करायचा नाही असं जाहीर केलं. आकड्यांत दोष होते, तर दोष दाखवून आकडे छापायचे होते. परिणामी २०११-१२नंतर थेट २०२२-२३. मधली अकरा वर्षं, त्यात नोटाबंदी आणि करोना, आपण घरातल्या पातेल्यात डोकावलोच नाही. महागाई मोजतानाही २०११-१२च्याच ताटाचं वजन धरलं गेलं. अन्नपदार्थांचा भार ४५.८६ टक्के. या प्रकरणाचा दाखला देऊन ‘बघा, सरकारी आकडे असेच’ असं म्हणणारे उलटं टोक धरतात. ज्याचा दाबावा इतका धाक वाटतो, ते निकामी कसं? ठरल्या वर्षी सर्वेक्षण आणि ठरल्या तारखेला प्रकाशन, सत्तेत कुणीही असो, हे कायद्याने बांधलं पाहिजे.

आणि सर्वेक्षणाच्या बाजूने बोलताना त्याची उणीव झाकायची नाही. त्या मोळीकडे परत जाऊ. आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीत रानातून सरपण आणणं, लांबून पाणी आणणं हे उत्पादन आहे. त्याच सरपणावर भात शिजवणं, लेकराला भरवणं, सासूचे पाय चेपणं हे उत्पादन नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आदल्या दिवशी पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारला गेला. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, आणि घरकामात हात लावणारे पुरुष ८८. हे निदान मोजलं तरी गेलं. त्याहून मोठी विसंगती श्रमबल सर्वेक्षणात आहे. घरकामाबरोबर फुकटचं सरपण, भाजी, चारा गोळा करणाऱ्या बाईला तिथे ९३ हा सांकेतिक क्रमांक मिळतो, आणि ९३ म्हणजे श्रमबलाच्या बाहेर. तिने आणलेली मोळी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते आणि ती आणणारी बाई काम न करणाऱ्यांत मोजली जाते. वस्तू आली, पण ती कुणी आणली हे लिहिलेलं नाही, असा हा हिशेब आहे.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची अडचण निराळी. दिवाळीनंतर मुकादमाकडून बयाणा घेऊन ती उठतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पहिल्या फेरीला झोपडीत असलेलं कुटुंब तिसऱ्या फेरीपर्यंत भट्टीवर गेलेलं असेल, तर त्याचा हिशेब अर्धवट राहणार. भट्टीवर आठवड्याची खर्ची मालकाच्या वहीत चढते. तिचा खर्च धरायचा की कर्ज, हे ठरवायला समोर बसून, त्यांच्या बोलीत, घाई न करता विचारावं लागतं. कंत्राटावर आलेल्या आणि रोजचा कोटा पुरा करण्याच्या चिंतेत असलेल्या पोराकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. कायम नेमणूक, चांगलं प्रशिक्षण आणि ठाकरी-कातकरी बोली जाणणारी स्थानिक माणसं, यावर खर्च केला तर तो वाया जाणार नाही.

एक गोष्ट तर नव्याने शोधायचीही नाही. २०११-१२च्या रोजगार सर्वेक्षणापर्यंत ९२ (नुसतं घरकाम) आणि ९३ क्रमांकाच्या बायकांना पुढचे प्रश्न विचारले जात: परसात भाजी लावता का, मासे-रानभाज्या आणता का, सरपण आणता का, घरचं भात कांडता का, शेण्या थापता का, पाणी किती लांबून आणता. नंतरच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात हे प्रश्न राहिले नाहीत. ते परत आणावेत, आणि ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला श्रमबलात धरून तिचा वेगळा आकडा दर वर्षी जिल्हावार छापावा.