भाकरी अडकली, नोंद कोणत्या वहीत?



परळला टाटा रुग्णालयाच्या समोरच्या फुटपाथवर अंथरुणे टाकून बसलेली माणसे पाहा. बोलीवरूनच कळते, हा वऱ्हाडातला, ती मराठवाड्यातली. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली तो नशीबवान. इस्पितळ 1941 पासून उभे आहे, त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते वहीचे.

मुंबईत कर्करोगाची नोंदणी 1963 साली सुरू झाली. गिरगावात, लालबागेत राहणाऱ्याला अन्ननलिकेचा, जठराचा, आतड्याचा कर्करोग झाला की त्याचे नाव वहीत चढते. पण ही वही रहिवाशांची. महिनाभर परळच्या फुटपाथवर झोपलेला कापूसवाला तिच्यात बसत नाही. त्याला त्याच्या जिल्ह्यात मोजायचे, असा नियम. नियम बरोबरच आहे. पण जिल्ह्यात वहीच नसेल तर मोजायचे कुठे, स्मशानात?

बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथली माणसे वही उघडून बसून राहिली नाहीत. गावोगाव फिरली, लक्षणे सांगितली. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झालेल्या बाया लवकरच्या अवस्थेत इस्पितळात येऊ लागल्या. बार्शीचे आकडे मुंबईपेक्षा कमी निघाले, म्हणून खेड्यात हा रोगच नाही असे कोणी म्हणू लागले तर त्याला विचारा : थोड्या तालुक्यांवरून अख्खा कोरडवाहू महाराष्ट्र निरोगी ठरवता, मग थोड्या गावांच्या पैसेवारीवरून दुष्काळ का मान्य करत नाही?

अन्ननलिकेचा रोग आमच्या घरात कसा येतो? आधी ज्वारीची भाकरी उतरत नाही. मग ती दुधात कुस्करायची. मग नुसती आंबील. तोवर पित्ताच्या गोळ्या चालू, आणि माणूस म्हणतो, एवढी वेचणी होऊ द्या. पाणीही उतरेनासे झाले की बैल विकून परळची गाडी.

आमचाही दोष आहे. मिश्री आणि तंबाखू-चुना आम्ही सोडत नाही. पण गुटख्यावर 2012 पासून बंदी घालणाऱ्या सरकारने एस.टी. स्टँडवरच्या पुड्यांचा हिशेबही द्यावा. फवारणीच्या औषधांचा पोटाच्या रोगाशी संबंध आहे का, हे आम्ही विचारतोच आहोत. मोजणीशिवाय त्याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव मांडत आहोत : प्रत्येक कोरडवाहू जिल्ह्यात कर्करोगाची नोंदणी, आणि जिल्हा रुग्णालयात ठरल्या वारी दुर्बिणीने अन्ननलिकेची तपासणी, फुकट. आणि ठराव मंजूर होईपर्यंत, ज्याच्या घशाखाली दोन आठवडे भाकरी नीट उतरत नाही त्याला गोळी देऊन घरी ठेवू नका. वेचणी थांबली तरी चालेल.