गोळी स्वस्त हवी, आणि खात्रीचीही!
आरेच्या पाड्यावरून गोरेगावला औषध आणायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. आईची बीपीची ॲम्लोडिपिन जनऔषधीत कितीतरी स्वस्त मिळते, पण चिठ्ठीवर ब्रँडच! विचारलं तर डॉक्टर म्हणतात, "जेनेरिकचा भरवसा नाही."

अहो, मग ब्रँडचा आहे का? केंद्राच्या औषध नियंत्रकांच्या दर महिन्याच्या नापास यादीत ब्रँडची नावंही असतात की! आपल्याकडचे बहुतेक ब्रँड म्हणजे नाव लावलेलं जेनेरिकच.

ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक नाव लिहायची सक्ती आली, त्याच महिन्यात स्थगित झाली. डॉक्टरांची शंका खोटी नाही, पण तिचा दंड आम्ही का भरायचा? एफडीएने नमुने तपासावेत, निकाल मराठीत दुकानाबाहेर लावावेत. स्वस्त की खात्रीची, ही निवड गरिबावर लादू नका.

पटलं तर शेअर करा.