गॅलरीत आलेला फोटो

३ मार्च २०२५, सोमवार. रमजानचा दुसरा रोजा. गल्लीतल्या मशिदीतून मगरीबची अजान नुकतीच झाली होती. आई फोन घेऊन ओट्यावर बसली होती. नातीच्या बारशाचे फोटो तिला शेजारणीला दाखवायचे होते. बोटानं एकेक फोटो सरकवता सरकवता ती थांबली. "कुणाचं लेकरू हाय रे हे?" एवढंच विचारलं आणि फोन माझ्या हातात न देता पालथा करून बाजूला ठेवला. त्या रात्री ती जेवली नाही.

ते फोटो मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे होते. आईनं ते मागितले नव्हते, कुठली लिंकही दाबली नव्हती. भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकले, व्हॉट्सअ‍ॅपनं ते आपणहून उतरवून घेतले आणि बारशाच्या फोटोंशेजारी नेऊन ठेवले. बीड जिल्ह्यात त्या रात्री किती घरांत असं झालं असेल, हे सांगायला आकडा लागत नाही. दुसऱ्या दिवशी बीड बंद होतं आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं एकमेकांना एकच विचारत होती, "पाहिलं का?"

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच ९ डिसेंबर २०२४ रोजी मारले गेले. पवनचक्की कंपनीकडं खंडणी मागणाऱ्यांच्या ते आडवे आले, हे सीआयडीच्या आरोपपत्राचं म्हणणं आहे. मारणाऱ्यांनी मारतानाचे फोटो काढले, व्हिडिओ केले, हेही त्यातच आहे. खटला बीडच्या विशेष न्यायालयात आहे आणि गुन्हा कुणी केला ते न्यायालय ठरवील. मला बोलायचंय ते त्या फोटोंच्या प्रवासाबद्दल.

आरोपपत्र फेब्रुवारीच्या अखेरीला दाखल झालं. ३ मार्चला, म्हणजे विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी, त्यातले फोटो राज्यभर पसरले. ४ मार्चला अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा आला. ते या खटल्यात आरोपी नाहीत, पण ज्यांच्यावर मुख्य सूत्रधार असल्याचा आरोप आहे ते वाल्मीक कराड त्यांचे निकटवर्तीय म्हणून ओळखले जात. राजीनाम्याची कारणं सांगताना मुंडे यांनी प्रकृतीबरोबर आदल्या दिवशी समोर आलेल्या त्या फोटोंचाही उल्लेख केला होता.

त्यामुळं आमच्याकडं एक समज पक्का झालाय, की फोटो व्हायरल झाले म्हणून न्याय हलला. त्या रात्री मीही हेच म्हणालो होतो. मोर्चे निघाले, गावानं आंदोलनं केली, सभागृहात प्रश्न झाले, आणि अडीच महिने राजीनामा आला नाही. फोटो आले आणि एका दिवसात आला. ज्याला ही गोष्ट नाकारायची असेल त्यानं बीडच्या कुठल्याही चौकात येऊन नाकारून दाखवावी.

पण या समजाच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो आम्ही पुरेसा विचारला नाही. ते फोटो तपास यंत्रणेकडं आधीपासून होते. न्यायालयात दाखल झालेल्या कागदांत होते. ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांच्यापर्यंत ते पोचायला हवे होते, तर त्यासाठी माझ्या आईच्या गॅलरीतून जाण्याची गरज काय होती? सत्तेवर बसलेल्यांना लाज वाटावी म्हणून एका घरानं आपल्या माणसाचं शेवटचं रूप सगळ्या राज्यासमोर उघडं पडलेलं पाहावं, ही किंमत त्या घराकडून आपण परस्पर वसूल केली. बारावीच्या परीक्षा चालू होत्या, त्या घरातसुद्धा. कुणी विचारलं होतं का त्यांना?

आरोपपत्र सगळ्यांना वाचायला खुलं असावं का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं २० जानेवारी २०२३ ला निकाल दिलाय. सौरव दास नावाच्या पत्रकारानं याचिका केली होती, की तपास यंत्रणांनी आरोपपत्रं वेबसाइटवर टाकावीत. न्यायालय म्हणालं, नाही. आरोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही. ते असं खुलं केलं तर आरोपीच्या, पीडिताच्या आणि तपासाच्याही हक्कांना बाधा येते. तो निकाल आला तेव्हा पत्रकार म्हणून मला तो पटला नव्हता. पारदर्शकता अर्धीच का, असं वाटलं होतं. मस्साजोगनंतर मी तो पुन्हा वाचला. पीडिताचा हक्क हे शब्द पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटले होते.

मेलेल्या माणसाला खासगीपणाचा हक्क असतो का, यावर कायदा कोरडा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. पण २०२३ मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की हा हक्क त्या माणसाबरोबर संपतो, वारशानं पुढं जात नाही. बलात्कारातल्या पीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. खून झालेल्याच्या देहाला तसं स्पष्ट कवच नाही. ठीक, मेलेल्याचा हक्क संपला असं धरू. पण त्याची बायको, मुलं, आई, भाऊ जिवंत आहेत आणि त्यांच्याही हातात फोन आहेत.

इथं मला अमेरिकेतली एक आई आठवते. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी छळून मारलं. त्याच्या आईनं, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवून अंत्यसंस्कार केले. माझ्या लेकराचं काय केलंय ते जगानं पाहावं, असा तिचा आग्रह होता. 'जेट' साप्ताहिकानं ते फोटो छापले आणि अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याला त्यातून बळ मिळालं. आमच्याकडचे वाद घालणारे हा दाखला देतात, पण अर्धाच देतात. तो निर्णय आईचा होता. पेटी तिनं उघडी ठेवली होती. मस्साजोगच्या घराला पेटी उघडायची की नाही हे विचारायलाही कुणी थांबलं नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त छळते. असले फोटो काढले का जातात? हात चालवणारा एका हातानं मारतो आणि दुसरा कुणी फोन धरतो, तो कशासाठी? पुरावा मागं राहू नये असं प्रत्येक गुन्हेगाराला वाटायला हवं. आमच्या जिल्ह्यात उलटं झालंय. देशमुख प्रकरणानंतरच्या आठवड्यांत मारहाणीचे एकामागून एक व्हिडिओ बाहेर आले, त्यातले कित्येक मारणाऱ्यांच्याच टोळक्यानं काढलेले. कंबरेला पिस्तूल लावलेले फोटो, गाड्यांच्या ताफ्याचे रील, हे सगळं एकाच माळेतलं. दहशत बसवायची तर ती दिसावी लागते. मग तो फोटो पुढं पाठवणारा, अगदी हळहळ व्यक्त करत पाठवणारासुद्धा, त्या दहशतीचं उरलेलं काम पूर्ण करतो. हे लिहिताना मला जड जातंय, कारण पाठवणाऱ्यांत माझे मित्र होते आणि त्यांचा राग खरा होता.

त्या फोटोंखाली जे लिहून येत होतं ते मी इथं देणार नाही. मारले गेलेल्याची जात, आरोपींची जात, आणि त्यावरून सबंध समाजाला शिव्या. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्याकडं जे विष पेरलं गेलं होतं, त्याला या फोटोंनी पाणी घातलं. जिल्ह्याच्या पोलीस दलाला २०२५ मध्ये अंमलदारांच्या नावाच्या पट्टीवरून आडनाव काढून नुसतं पहिलं नाव ठेवावं लागलं, यावरून बाहेरच्या वाचकानं काय ते समजून घ्यावं.

मग सरकारनं काय करावं? आमच्या जिल्ह्याला सरकारचं एक उत्तर ठाऊक आहे : बंद. ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आमदार प्रकाश सोळंके यांची एक ऑडिओ क्लिप फिरली आणि माजलगावात त्यांचं घर पेटलं. बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचं घर जळालं, पक्षाचं कार्यालय जळालं. संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झालं. क्लिपनं करायचं ते करून झाल्यावर बंद झालं, हे लक्षात ठेवायला हवं.

दोन दिवसांत, १ नोव्हेंबरला, राज्याचा गाळप हंगाम सुरू व्हायचा होता. आमच्या भागातल्या मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानासमोर ऊसतोडीला निघालेली एक बाई उभी होती. मुकादमाकडून मिळालेली उचल तिच्या खात्यावर होती. अंगठा लावून पैसे काढायचे, वाटखर्चाला थोडे ठेवायचे आणि बाकीचे म्हाताऱ्या सासूच्या हातावर ठेवून जायचं, असा तिचा हिशेब होता. मशीन चालेना. दुकानदार तिला परत परत सांगत होता, "मावशे, नेट सरकारनं बंद केलंय, माझ्या हातात नाही." तिला त्या क्लिपची गंधवार्ता नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सांगितलंय, की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. त्या दुकानाच्या शटरवर आदेशाचा कागद नव्हता. पुढं २६ फेब्रुवारी २०२४ ला जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड या तीन जिल्ह्यांत पुन्हा काही तास तेच.

म्हणजे आमच्यासमोर दोनच वाटा ठेवल्या जातात. सगळं बंद, नाहीतर सगळं मोकाट. तिसरी वाट असते आणि ती महाराष्ट्रानंच दाखवलीय, फार मोठी किंमत मोजून. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्या महिन्यात देशभर गाजलेल्या अशा हत्यांनंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढं २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी. कुणाचं तोंड बंद झालं नाही, कुणाचे पैसे अडकले नाहीत. फक्त हाताचा वेग कमी झाला.

त्याच धर्तीवर मला काही गोष्टी मागायच्या आहेत. खुनाच्या आरोपपत्रातली छळाची छायाचित्रं वेगळ्या मोहोरबंद पाकिटात ठेवावीत आणि ज्याला प्रत मिळेल त्याची नोंद त्या प्रतीवरच असावी, म्हणजे फुटली तर कुठून फुटली ते कळेल. पीडिताच्या घराला ती छायाचित्रं कागदात आहेत हे आधी सांगावं, टीव्हीवरून कळू देऊ नये. आणि वाहिन्यांनी, वर्तमानपत्रांनी, माझ्या धंद्यातल्या सगळ्यांनी, छापण्याआधी त्या घराला एक फोन करावा. ते हो म्हणतील, मेमी टिलसारखे. किंवा नाही म्हणतील. दोन्ही त्यांचं.

यातून सत्ताधाऱ्यांना लपायला जागा मिळते, असं म्हणणारे आहेत आणि त्यांची भीती मला मोलाची वाटते. म्हणून सांगतो, पुरावा दडवू नका. तुमच्या फोनमध्ये मारहाणीचा व्हिडिओ आला तर तो पोलिसांकडं द्या, वकिलाकडं द्या, पोलीस दाद देत नसतील तर आमदाराकडं, पत्रकाराकडं, न्यायालयाकडं न्या. काय घडलं, कुणी केलं, कुणी पाठीशी घातलं हे शब्दांत ओरडून सांगा. मस्साजोगच्या लोकांनी पहिल्या दिवसापासून तेच केलं होतं, फोटो न दाखवता. त्यांचं ऐकायला आपण फोटोंची वाट पाहिली.

आईच्या फोनमधला तो फोटो मी त्याच रात्री काढून टाकला. मग सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद केलं. दोन मिनिटांचं काम आहे. भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, की हे फोटो ज्यांनी टाकले त्यांनी सगळ्यांसाठी डिलीट करावेत. एकानं केले. दुसऱ्यानं ग्रुप सोडला. आज घरी गेल्यावर आधी आपल्या आईचा, आजीचा फोन बघा. ते फोटो अजून तिथं असतील तर काढून टाका.