उमेदवारी कोणाच्या हाताखाली?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले आणि त्यानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणासाठी श्रेयांक ठेवण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु प्रशिक्षण श्रेयांकांना जोडले गेल्याने विद्यार्थ्याला ते टाळता येत नाही, आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्यावरच येऊन पडते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची तर या दिवसांत तारांबळ उडते. एकच माहितीपत्र शे-दीडशे कंपन्यांना धाडावयाचे आणि जी प्रथम होकार देईल तिच्याकडे जावयाचे, अशी रीतच पडून गेली आहे. अर्ज कोठे करावा, याचा विचार त्यात राहून जातो.

कल्याणजवळच्या मोहने गावाला हा विषय नवा नाही. तेथे नॅशनल रेयॉन अर्थात एन. आर. सी.चा कारखाना होता. अशा कारखान्यांत मुलगा उमेदवार म्हणून लागला, की जाणत्या कारागिराच्या हाताखाली यंत्र उघडावयास शिकत असे. चूक झाली तर तेथल्या तेथे बोलणी खात असे. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा होता. करार, मुदत आणि विद्यावेतन यांना त्याचा आधार असे. २००९ मध्ये एन. आर. सी.ला टाळे लागले आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली. ज्या घरांनी हे सोसले, त्या घरांतील मुलामुलींनी संगणकाची वाट धरली असेल, तर त्यात नवल नाही.

या नव्या वाटेवर कारखान्याचे फाटक नाही. ऐरोलीला जावयाचे तर आंबिवलीहून कसारा मार्गाची लोकल, ठाण्याला गाडी बदलणे, आणि परतताना कल्याणपुढच्या तुरळक गाड्यांची वाट पाहणे आले. बिनपगारी प्रशिक्षण म्हणजे अशा घराला पास, डबा आणि शिकवणीच्या बुडालेल्या पैशांचा खर्च. मुंबईत राहणाऱ्या सुखवस्तू मुलाला जे फुकट पडते, ते मोहन्याच्या मुलीला विकत घ्यावे लागते.

यातच काही मंडळींनी धंदा शोधला आहे. ‘नोंदणी’ म्हणून काही हजार रुपये घ्यावयाचे, ध्वनिचित्रफितीतील धडे दाखवावयाचे, सर्वांकडून तेच दोन-तीन ठरीव प्रकल्प करून घ्यावयाचे आणि रंगीत प्रमाणपत्र द्यावयाचे. जो काम देण्याऐवजी पैसे मागतो, तो उमेदवारी देत नाही, शिकवणी विकतो. मुलाखत घेणाऱ्याला हे प्रमाणपत्र एका दृष्टिक्षेपात ओळखता येते. फसतो तो विद्यार्थी आणि त्याचे वडील.

याचा अर्थ केवळ बड्या नावांमागे धावावे, असा नव्हे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना साठ्याच्या आणि हिशेबाच्या प्रणाली करून देणारे चार-पाच माणसांचे कार्यालयही उत्तम शाळा ठरू शकते, पण एका अटीवर. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम दुसरे कोणी जाणते माणूस वाचणार आहे काय, तो खऱ्या ग्राहकाच्या उपयोगी पडणार आहे काय, हे आधी विचारावयास हवे. जेथे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीच सर्वांत जाणता असतो, तेथे तो राबेल खूप, शिकेल मात्र थोडेच. विद्यावेतनाचा आकडा आणि प्रवासाचे तास यांचा हिशेब त्यानंतर मांडावा, पण तो मांडण्यात संकोच नसावा.

काही दारे घरबसल्याही उघडतात. पवईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ हा प्रकल्प प्रशिक्षणार्थींची निवड करताना आधी प्रत्यक्ष काम करावयास देतो. गूगलचा २००५ पासून चाललेला ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम मुक्त प्रणालींवरील कामासाठी मानधन देतो. दोन्हींकडे महाविद्यालयाच्या नावापेक्षा करून दाखविलेल्या कामाला वजन अधिक. तेथे शे-दीडशे अर्ज चालत नाहीत. एकाच अर्जावर काही आठवडे खर्ची घालावे लागतात. कल्याणच्या विद्यार्थ्याला हीच गोष्ट सोयीची आहे.

सरकारी योजनांकडे पाहिले तर तेथे एक विचित्र फट दिसली. केंद्राने २०२४ मध्ये आणलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेने सुरुवातीला २१ ते २४ वर्षांच्या तरुणांना महिना ५,००० रुपये देऊ केले, परंतु पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तीत प्रवेश नव्हता. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले. तीही शिक्षण संपलेल्यांसाठीच. म्हणजे ज्याला अभ्यासक्रमानेच प्रशिक्षण घ्यावयास लावले आहे, त्याच्या प्रवासखर्चाची सोय दोन्हींपैकी एकीतही नव्हती. श्रेयांक देणाऱ्या विद्यापीठाने आणि शासनाने निदान रेल्वेच्या पासाचा भार तरी उचलावयास हवा होता.

महाविद्यालयांना याहून स्वस्तात एक काम करता येईल. गेल्या वर्षी कोणता विद्यार्थी कोठे गेला, त्याला पैसे मिळाले की द्यावे लागले, त्याचे काम कोणी तपासले, याची वही विभागात ठेवावी आणि ती पुढच्या तुकडीला अर्ज करण्यापूर्वी वाचावयास द्यावी.