मामीची चादर आणि एक दिवा

करमाळा माझं आजोळ. नागराज मंजुळे जेऊरचा, म्हणजे याच तालुक्यातला. 'फँड्री' (२०१३) आला, मग 'सैराट' (२०१६) याच परिसरात शूट झाला, आणि तेव्हापासून इथल्या दर तिसऱ्या पोराच्या मोबाईलमध्ये एक स्क्रिप्ट असते. माझ्याही होती! दहा मिनिटांची शॉर्टफिल्म, लोकेशन मामाचं स्वयंपाकघर, हिरॉईन मामी. ऑफिसातून दोन दिवस सुट्टी, आम्ही चौघं, जेऊरला रेल्वेतून उतरलो ते थेट शूटिंगच्या मूडमध्ये.

लाइट्स पुण्यातून भाड्याने आणले होते. हजार वॉटचे दोन हॅलोजन. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात." दोन्ही लावले, वर फ्रीज आणि मिक्सर. हिशोब सोपा होता, शाळेतच शिकलो होतो: दोन हजार वॉट भागिले दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. जुन्या घराच्या वायरिंगनं तो हिशोब आमच्याआधी केला आणि फ्यूज उडाला. मामानं तो बसवला, पण मे महिन्यात त्या दिव्यांसमोर मामीला घामाच्या धारा लागल्या.

त्यापेक्षा वाईट पुढे होतं. मॉनिटरवर मामीचा चेहरा पांढराफटक दिसत होता. आमचा कॅमेरामन मित्र खूश, म्हणाला, "बघ, किती उजळ आल्या!" मामी मागून डोकावली. "ही कोण? आरं, मी अशी हाय का?" आणि पदर सावरून बाजूला झाली. तिला परत उभं करायला अर्धा तास गेला. खरं सांगतो, तिथंच पिक्चर गुंडाळावासा वाटला. सावळा चेहरा हा दुरुस्त करायचा दोष नाही, हे 'फँड्री' डोक्यावर घेणाऱ्या आमच्यासारख्यांना कळू नये?

मग मामीनं स्वतःच उपाय केला (तिला माहीतही नाही). धुतलेली पांढरी चादर खिडकीत वाळत टाकली. उन्हाचा तो मऊ, पसरलेला उजेड एका बाजूनं गालावर आला आणि तिचा रंग जसाच्या तसा, तुकतुकीत दिसायला लागला. कारण साधं आहे: उजेडाचा उगम माणसाच्या मानानं जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ.

आता किटचं. अगदी पहिल्यांदा घेताय? मग तीन दिव्यांच्या सेटला भुलू नका. एकच चांगला एलईडी घ्या, ३२०० ते ५६०० केल्विन रंग बदलणारा. म्हणजे घरातला पिवळा बल्ब आणि दुपारचं ऊन, दोघांशी जुळवून घेता येतं. वॉटपेक्षा सीआरआय बघा, ९५ किंवा जास्त. स्वस्त एलईडीत लाल कमी पडतो आणि त्वचा मेलेली दिसते. बॅटरीवर चालणारा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. पुढे बोवेन्स माउंट असेल तर सॉफ्टबॉक्स आणि कंदील, दोन्ही बसतात. दिवा चेहऱ्यापासून दुप्पट लांब नेला की उजेड चौपट कमी होतो, त्यामुळे जवळ आणा आणि डिमरनं कमी करा. आणि हो, आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, शटर एक पन्नासांश ठेवलं नाही तर घरचे ट्यूबलाइट फ्रेममध्ये लुकलुकू शकतात. हे आम्ही एडिटिंगच्या टेबलावर शिकलो!

बाकीचा सरंजाम गावात मिळतो. थर्माकोलचा एक पत्रा रिफ्लेक्टरला, काळं कापड उजेड अडवायला, ज्वारीचं पोतं स्टँडच्या पायावर. एवढं सगळं रेल्वेच्या बर्थखाली मावतं.

पिक्चर पूर्ण झाला. मामीनं पाहिला, दोनदा पाहिला, आणि विचारलं, "माझी चादर कुठं ठेवलीस रे?"

पुण्यात आहे, मामी. लाइटच्या बॅगेत.