गोधडीची कर्ती कोण ?

कोणत्याहि चार माणसांच्या घरांत जाऊन फडताळांतील भांडीं पाहावीं. तांब्या असो, पातेलें असो, डबा असो, त्यावर कोणाचें तरी नांव घातलेलें आढळतें. अमक्याच्या मौंजीनिमित्त, तमकीच्या लग्नांत, मामांकडून, मावशीकडून, आणि खालीं साल. पन्नास वर्षांपूर्वीं अहेरांत आलेला लहानसा पेलाहि आपला दाता कोण हें आज सांगूं शकतो. त्याच घरांत कोठीच्या खोलींत गोधड्यांची चळत असते. तींतील एकेक गोधडी शिवण्यास महिना महिना खपावें लागलेलें असतें. पण ती कोणीं शिवली असें विचारल्यास उत्तर मिळेलच असें नाहीं. पेल्यास जो मान मिळाला तो गोधडीस कां मिळूं नये, या प्रश्नाचा या महिन्यांत थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

गोधडी ही वस्तु फार जुनी. संस्कृतांत तिला कन्था म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती विरक्ताचें धन म्हणून येते, आणि बंगाल्यांत तोच शब्द ‘काँथा’ या रूपानें अद्याप रूढ आहे. आपल्याकडे गाडगे महाराजांस (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत, तें त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळेंच. आमचें सोलापूर तर तीन भाषांचें गांव. येथें एकाच पेठेंत मराठी घरांत तिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात, कानडी घरांत कौदी म्हणतात, आणि तेलुगु घरांत बोंत म्हणतात. शब्द निराळे असले तरी वस्तु एकच : जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून, त्यांतून धांवदोरा घालून केलेलें पांघरूण.

वास्तविक सोलापुरांत पांघरुणांस तोटा नाहीं. १८७४ सालीं येथें पहिली कापडगिरणी स्थापन झाली. ती ‘जुनी गिरणी’ आज बंद आहे, परंतु मागांचा खडखडाट गांवांतून गेलेला नाहीं, आणि सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. दुकानांत पैसे टाकले कीं चादर हातीं येते. तरी गोधडी टिकून राहिली याचीं कारणें दोन. एक काटकसर, आणि दुसरें येथील हवा. वैशाखांत पारा चाळिसाच्या पुढें जातो, आणि थंडी म्हणावी ती जेमतेम दोन महिने. अशा ठिकाणीं लोकरीच्या रगाचें काम क्वचित् पडतें. सुती गोधडी मात्र बाराहि महिने उपयोगीं येते. पौषांत ती पांघरावी, चैत्र-वैशाखांत गच्चीवर अंथरावी. ती घाम टिपते, धुतां येते, आणि जितकी जुनी होईल तितकी मऊ होते.

आमच्या धाकट्या सूनबाईस या कामाचा नाद लागून चार वर्षें झालीं. ती बँकेंत नोकरी करते ; त्यामुळें तिला वेळ मिळतो तो रविवारीं दुपारीं, आणि इतर दिवशीं रात्रीं जेवणें आटोपून मुलें निजल्यावर. प्रथम तिनें भाचीच्या बाळासाठीं एक दुपटें केलें. मग उशांचे अभ्रे झाले, बाजाच्या पेटीची खोळ झाली, मुलांच्या पाट्या-पुस्तकांच्या पिशव्या झाल्या, आणि गेल्या दोन वर्षांत दोन पूर्ण गोधड्या. ‘घरभर चिंध्यांचा पसारा’ अशी कुरकुर सुरुवातीस आमच्याहि घरांत झाली, सर्वत्र होते. परंतु जवळ बसून पाहिल्यावर या कामांतील विचार ध्यानांत येतो.

पहिली गोष्ट कापडाची पारख. जुनें कापड उजेडासमोर धरून पाहावयाचें. सूत विरलेलें दिसेल तो भाग आंतील थरांत घालावयाचा, आणि वीण घट्ट असेल तो वर घ्यावयाचा. नवें कापड असेल तर रात्रभर पाण्यांत भिजवून त्याची खळ काढावयाची, नाहींतर पहिल्याच धुण्यांत तें आटतें व गोधडीस चुण्या पडतात. हल्लीं खरी अडचण आहे ती सुती कापडाचीच. रोजच्या वापरांतील पुष्कळ साड्या आतां कृत्रिम धाग्याच्या असतात. तें कापड घाम टिपीत नाहीं आणि सुईखालून सरकतें. आमच्या गांवीं शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ असल्यामुळें कातरणांस तोटा नाहीं, पण गणवेशाच्या कापडांतहि ही भेसळ फार. ओळखण्याची युक्ति सोपी आहे. एक धागा ओढून चिमट्यांत धरून जाळावा. सुताचा असेल तर कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. कृत्रिम असेल तर वितळून टोंकाशीं कठीण गुठळी धरते.

कापड ठरलें कीं माजघरांत फरशीवर खालचा पदर ताणून अंथरावयाचा, त्यावर आंतील थर, आणि वर तुकडे जोडून केलेला पदर. मग सर्व थर एकत्र राहावेत म्हणून लांब लांब कच्चे टांके. येथून खरें काम सुरू होतें. सुई एका कोंपऱ्यांतून निघून चारी कांठांनीं फिरते, बोटभर आंत सरकते, पुन्हा चारी बाजूंनीं फिरते, आणि अशी चौकोनांत चौकोन काढीत शेवटीं मध्यावर येऊन थांबते. या टांक्यांमुळें आंतील थर जागचे हलत नाहींत, आणि थराथरांत कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते.

आमची हिशेबाची जुनी संवय सुटलेली नाहीं, म्हणून आम्हीं एकदां या कामाचें गणित मांडलें. गोधडी सहा फूट लांब व चार फूट रुंद धरली, आणि दोन ओळींतील अंतर एक इंच धरलें, तर दोऱ्याची वाट सुमारें ३,४५६ इंच, म्हणजे ९६ वार होते. इंचास तीन टांके या मानानें टांके झाले दहा हजार तीनशेंच्या वर. मिनिटास सहा टांके पडले तर यास जवळ जवळ २९ तास लागतात. आणि यांत कापड निवडणें, कातरणें व जोडणें यांचा वेळ मुळींच धरलेला नाहीं. ज्या बाईस दिवसाकाठीं एक तास मोकळा मिळतो, तिचा पुरा एक महिना नुसत्या धांवदोऱ्यांत जातो. ‘रिकामपणचा उद्योग’ असें म्हणणारांनीं हा आंकडा एकवार मनाशीं घोळवावा.

यंदाच्या गोधडीच्या वेळीं मात्र घरांत मोठाच प्रश्न उभा राहिला. सूनबाईनें आमच्या मातुःश्रींचें इरकली लुगडें मागितलें. तीस वर्षें तें पेटींत घडी करून ठेवलेलें होतें. आमच्या थोरल्या वहिनींनीं साफ विरोध केला. “त्यांचें एवढें एकच उरलें आहे, त्याला कातरी लावूं नका,” असें म्हणतांना त्यांचे डोळे भरून आले. असा प्रसंग पुष्कळ घरांत येत असेल. एका बाजूस जपण्याची भावना, दुसऱ्या बाजूस वापरण्याची. आणि दोन्ही प्रेमांतूनच निघालेल्या. लुगडें उलगडून पाहिलें तेव्हां घड्यांच्या रेघांवर तें विरूं लागलेलें होतें. पेटींत जपलेलें कापडहि झिजतें, फक्त तें झिजतांना कोणास ऊब मिळत नाहीं, हें वहिनींच्याच प्रथम ध्यानांत आलें. त्यांनींच तोड सुचविली. पदर अखंड ठेवून तो गोधडीच्या मधोमध बसवावा आणि बाकीचें कापड वापरावें. कोंपरे दुमडण्यास त्या स्वतः बसल्या.

याच कामांत कोठीच्या खोलींतून एक जुनी गोधडी नमुन्यासाठीं बाहेर काढली गेली. निळ्या-तांबड्या खणांची, टांके इतके सारखे कीं रूळानें आंखल्यासारखे. ती कोणीं शिवली असा प्रश्न निघाला. घरांतील तीन वडील माणसांनीं तीन उत्तरें दिलीं. एकानें मधल्या काकूंचें नांव घेतलें, एकानें आत्याबाईंचें, आणि तिसऱ्यानें वाड्यांत बिऱ्हाडानें राहणाऱ्या एका बाईंचें. निवाडा करूं शकेल असें कोणीहि आतां हयात नाहीं. जिच्याखालीं आमच्या तीन पिढ्या निजल्या, त्या गोधडीची कर्ती आम्हांस कायमची अज्ञात झाली आहे.

ही केवळ आमच्याच घरची गोष्ट नव्हे, आणि तिचें मूळ विसराळूपणाहून खोल आहे. आपल्या समाजांत पूर्वीं मुलीस विवाहाच्या वेळीं तांदुळांच्या ताटांत नवें नांव लिहून दिलें कीं माहेरचें नांव मागें पडे. पुढें दुर्दैवानें वैधव्य आलें कीं तें नवें नांवहि लोपे, आणि आत्याबाई, काकू, वन्सं एवढें नातें काय तें उरे. एकत्र कुटुंबांतील बहुतेक शिवणकाम याच बायकांच्या पदरीं पडे. त्यांचें पाळण्यांतलें नांव घरांतील निम्म्या माणसांस ठाऊक नसे. ज्यांच्या हातांनीं सारें घर पांघरलें, त्यांचें नांव भांड्यावर नाहीं, दस्तऐवजावर नाहीं, आणि गोधडीवरहि नाहीं.

याच्या उलट आपल्या पोथ्या पाहाव्या. ग्रंथ संपल्यावर शेवटीं पुष्पिका असते. लेखनिकानें तो ग्रंथ रचलेला नसतो, केवळ उतरून काढलेला असतो. तरी तो आपलें नांव, पित्याचें नांव, गांव, शक व तिथि लिहून ठेवतो, आणि संशोधक पुढें शेंकडों वर्षांनीं त्याच दोन ओळींवरून काळ ठरवितात. दहा हजार अक्षरें उतरणाऱ्यास जो अधिकार, तो दहा हजार टांके घालणारीस कां असूं नये ?

अन्यत्र हा अधिकार कांहीं स्त्रियांनीं बजावलेला आहे. बंगाल्यांत मानदासुंदरी नांवाच्या स्त्रीनें आपल्या वडिलांसाठीं काँथा शिवून त्यावर अर्पणाचा मजकूर सुईनेंच लिहिला. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांच्या संग्रहामुळें तो राहिला, आणि तिचें नांवहि राहिलें. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांत गीज बेंड म्हणून एक खेडें आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, ज्यांचे पूर्वज गुलाम होते, कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान् पिढ्या शिवीत आल्या. २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत त्या करणाऱ्यांच्या नांवांसह भिंतीवर मांडल्या गेल्या, आणि २००६ सालीं तेथील टपालखात्यानें त्यांतील दहा गोधड्यांचीं तिकिटें काढलीं. आपल्या आज्यांचे टांके त्यांहून उणे होते असें आम्हांस वाटत नाहीं. उणीव राहिली ती नोंदीची.

आम्हीं हें सूनबाईस बोलून दाखविलें आणि गोधडीवर नांव घालण्यास सुचविलें. ती हंसून म्हणाली, “मामंजी, पांघरुणावर का कोणी नांव घालतें ?” मग थोडा विचार करून म्हणाली, “आणि घालायचें तर माझ्या एकटीचें कसें ? लुगडें आजेसासूबाईंचें, कोंपरे मोठ्या सासूबाईंनीं दुमडले, सुईंत दोरा मुलांनीं ओंवून दिला.” तिचें म्हणणें आम्हांस पटलें. एकत्र कुटुंबांतील गोधडीची पुष्पिका तशीच असली पाहिजे. म्हणून मागच्या कोंपऱ्यावर चार बोटें रुंदीची पांढऱ्या सुती कापडाची पट्टी लावून तीवर साखळी टांक्यानें ओळी लिहिल्या गेल्या : कापड कोणाचें, कोंपरे कोणाचे, टांके कोणाचे, दोरा ओंवणारे कोण, आणि शेवटीं शक. मातुःश्रींचें माहेरचें नांव काय घालावें हें वहिनींस ठाऊक होतें. आमच्या मुलांस तें त्या दिवशीं प्रथमच कळलें.

नांव घातल्यानें सेवेचा निष्कामपणा जातो, अशी एक शंका कोणी काढील. त्यांनीं आधीं आपल्या घरच्या पेल्यांवरील नांवें घांसून काढावीं, मग गोधडीकडे वळावें.

आमच्या वाचकांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. घरांत कोणी गोधडी शिवीत असेल तर तिला चांगला दिवा, बसण्यास ऐसपैस जागा, आणि कोणी हांक मारणार नाहीं असा एक तास द्यावा. नवी गोधडी पुरी झाली कीं तिच्यावर पट्टी लावल्यावांचून ती वापरांत काढूं नये. आणि नवरात्रापूर्वीं अंथरुणें-पांघरुणें धुण्यास बाहेर निघतील, तेव्हां घरांतील सर्वांत वडील बाईंस जवळ बसवून एकेक गोधडी त्यांच्यापुढें उलगडावी आणि ‘ही कोणाची ?’ असें विचारून उत्तर तेथल्या तेथें लिहून घ्यावें. पुढच्या नवरात्रापर्यंत थांबूं नये. आमच्या निळ्या-तांबड्या गोधडीच्या पट्टीवर आम्ही तीन नांवें घालणार आहों, आणि तिन्हींपुढें प्रश्नचिन्ह. तुमच्या घरीं एकच नांव पुरेल, इतकी वेळ अद्याप असेल.